हंडा यादीत नाही

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 या कायद्याचं 37 वं कलम ज्यानं लिहिलं, त्यानं आधी बसून एका वाईट मोर्चाचं सविस्तर चित्र डोळ्यांपुढे आणलं असणार. गडबड होईल अशी शंका आली की या कलमाखाली मनाई आदेश काढता येतो, आणि मग काय काय करायचं नाही याची यादी सुरू होते. तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, काठ्या बाळगायच्या नाहीत. दगड जमवायचे नाहीत. प्रेतं किंवा पुतळे मिरवायचे नाहीत. जाहीर आरडाओरडा नको, गाणी नकोत, वाद्यं नकोत, सभ्यतेला धक्का देणारी भाषणं नकोत, हावभाव नकोत आणि नकलाही नकोत. नकलांपर्यंत पोचलेला कायदा बारकाव्यात कमी पडला असं कोणी म्हणणार नाही. तरी एक वस्तू राहूनच गेली आहे. शहापूर-मुरबाडकडच्या उन्हाळी मोर्चात जी हमखास डोक्यावरून नाहीतर कमरेवरून येते, आणि जिच्यावर हातातल्या बांगडीचा ठोका बसला की कचेरीच्या आतल्या खोलीतल्या अव्वल कारकुनाचीही तंद्री मोडते, तो हंडा या यादीत नाही. ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ असं एक शेपूट यादीला आहे खरं, आणि एखादा उत्साही वकील त्या शेपटाला हंडा बांधूही शकेल. भरलेला स्टीलचा हंडा पायावर पडला तर इजा होते यात वाद नाही. पण हंडा भरलेला असता, तर बाई मोर्चाला आली कशाला असती?

भातसानगर हे अशा मोर्चासाठी जणू मुद्दाम वसवलेलं ठिकाण आहे. शहापूर तालुक्यातली, भातसा धरणाच्या पायथ्याची ही पाटबंधारे खात्याची वसाहत. मुंबईला रोज जे पाणी मिळतं त्यातलं जवळपास निम्मं या एका धरणाचं. ते नदीतून पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग जलवाहिन्यांतून मुंबईला. याच तालुक्यातला तानसा तलाव तर 1892 पासून मुंबईची तहान भागवतो आहे. म्हणजे शहापूरला पाणी देण्याचा अनुभव सव्वाशे वर्षांहून अधिक आहे; मिळण्याचा अनुभव तेवढा नाही. दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या गाव-पाड्यांना टँकर लागतो, आणि टँकरची वाट बघत रांगेत मांडलेले हंडे ज्या डोंगरउतारावर दिसतात, तिथून पलीकडे जलाशयाचं निळं पाणीही दिसू शकतं. इथल्या बायकांना ‘पाण्याचं महत्त्व’ या विषयावर मार्गदर्शन करायला अधूनमधून कोणीतरी येतं. त्याला प्यायला पाणी त्याच देतात.

तर मोर्चा काढायला कारण आहे. संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदात शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्कही लिहून दिलेला आहे. उरला प्रश्न शांततेचा, आणि त्याबद्दल आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. मोर्चा शांततेत पार पडला की आपण त्याचं श्रेय मोर्चेकऱ्यांच्या स्वभावाला देतो. लोक समजूतदार होते, नेते संयमी होते, पोलिसांनी सहकार्य केलं, आणि ‘कोणताही अनुचित प्रकार घडला नाही’ हे बातमीचं शेवटचं वाक्य. माझं म्हणणं असं, की यात स्वभावाचा वाटा फार थोडा. शांतता ही आदल्या रात्री केलेली व्यवस्था असते. सकाळी सातला निघालेल्या बाईला दुपारी दोनपर्यंत पाणी, सावली, बसायला गोणपाट आणि परत जायला गाडी मिळाली, तर ती गांधीवादी ठरते. यातलं काहीच मिळालं नाही, तर संध्याकाळी तिचं वर्णन ‘संतप्त जमाव’ असं होतं. बाई तीच. फरक पडतो तो टेम्पोवाल्यानं दिलेल्या वेळेवर.

या व्यवस्थेतलं पहिलं कोडं म्हणजे मोर्चा न्यायचा कुठे. पुस्तकात मोर्चा ‘सत्तेच्या दारावर’ जातो. भातसानगरच्या परिसरात सत्तेला इतकी दारं आहेत की मोर्चाला आधी चौकशी खिडकीवरच उभं राहावं लागेल. धरण जलसंपदा खात्याचं. त्यातलं पिण्याचं पाणी प्रामुख्यानं मुंबई महापालिकेचं. गावची नळयोजना ग्रामपंचायतीची, तिचा आराखडा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचा. टँकरचा प्रस्ताव पंचायत समितीतून, मंजुरी महसूल खात्याची. पाइप जंगलातून न्यायचा तर जमीन वनखात्याची, आणि शहापुरात जंगल टाळून पाइप नेणं म्हणजे घरात भिंत टाळून खिळा ठोकणं. तहसील शहापूरला, प्रांत भिवंडीला, कलेक्टर ठाण्याला, महापालिका बोरीबंदरसमोर. यातल्या प्रत्येक कचेरीत गेलं की अत्यंत नम्रपणे दुसऱ्या कचेरीचा पत्ता मिळतो. नवखा संयोजक सगळ्यात मोठी इमारत निवडतो. अनुभवी संयोजक सही कोणाची लागते ते आधी विचारून घेतो आणि मोर्चा त्या टेबलाच्या दिशेनं वळवतो. हे क्रांतिकारक वाटत नाही, कबूल. पण चुकीच्या दारासमोर तीन तास घोषणा दिल्या, की बरोबरच्या दारापर्यंत पोचेतो घसा आणि संयम दोन्ही संपलेले असतात, आणि शांतता बिघडते ती नेमकी तिथे.

दुसरं कोडं तारखेचं, आणि त्यापुढे पंचांग सोपं वाटावं. पाणी नसतं मार्च ते जून. पण ज्यांना ते सगळ्यात आधी नसतं त्या कातकरी वाड्यांतली बरीच कुटुंबं दिवाळीनंतरच भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे तहानेच्या ऐन हंगामात तहानलेले गावात नाहीत. जे आहेत त्यांना मार्च-एप्रिलमध्ये राब भाजायचा असतो. मेमध्ये करवंदं-जांभळं वेचून, पानांच्या द्रोणांत भरून हायवेला नाहीतर स्टेशनबाहेर बसायचं असतं, कारण ती विकून येणारे चार पैसे मोर्चाच्या यशापेक्षा खात्रीचे असतात. शिवाय मे हा लग्नांचा महिना. ज्या दिवशी मोर्चा ठरतो त्या दिवशी गावात किमान एक हळद निघते, आणि आगरी हळदीच्या डीजेपुढे कोणत्याही लोकशाही घोषणेचा निभाव लागलेला नाही. जूनमध्ये पाऊस येतो आणि मागणीच वाहून जाते. गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या माणसाला पाणीटंचाईविरुद्ध घोषणा द्यायला सांगणं हे त्याच्याही विनोदबुद्धीला झेपत नाही.

पण लग्नाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट नोंदवायला हवी. याच गावांत चारशे-पाचशे माणसांचं लग्न कसलीही संघटनात्मक बैठक न घेता पार पडतं. मंडप कोणी घालायचा, तांदूळ कोणी निवडायचे, रुसणाऱ्या मामाला कोणी सांभाळायचं, दारू पिऊन येणाऱ्या पाहुण्याला कोणत्या कोपऱ्यात आणि कोणाच्या शेजारी बसवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लग्नात भांडण होत नाही ते काय सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम असतं म्हणून? भांडू शकतील अशा दोघांना वेगवेगळ्या पंगतीत बसवलेलं असतं. मोर्चाला लागणारं शास्त्र हेच. घोषणा देणारा तरुण जरा जास्तच तापट असला तर त्याच्या हातात माइक देऊ नये, पाण्याचा जार द्यावा; दोन्ही हात गुंतले की माणूस बराच अहिंसक होतो. रांगेच्या पुढे आणि मागे वयस्क बायका ठेवाव्यात, कारण बंदोबस्ताला आलेल्या पंचविशीतल्या शिपायाला ‘काय रं पोरा, जेवलास का’ असं विचारू शकेल अशी व्यक्ती जगातल्या कोणत्याही शांतिसेनेपेक्षा उपयोगी असते. हे ज्ञान पंगती वाढणाऱ्यांकडे असतं, भाषणं करणाऱ्यांकडे सहसा नसतं. तरी मोर्चाच्या फ्लेक्सवर फोटो मात्र भाषणं करणाऱ्यांचे येतात. ते इतके मोठे येतात, की मागणीला खाली उजव्या कोपऱ्यात, छापखान्याच्या फोन नंबराशेजारी उभं राहावं लागतं.

इतक्या भव्य विषयात मी भात-भाकरी आणि टेम्पो आणतो आहे, नागरी हक्क म्हणजे काही पंगत नव्हे, असा आक्षेप इथे येणार. त्याला महाडचं उत्तर आहे. पाण्यावरच्या हक्कासाठी महाराष्ट्रात झालेला सर्वांत मोठा शांततामय लढा 1927 चा, आणि त्यातला पहिला प्रश्नच पाण्याच्या व्यवस्थेचा होता. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्येच मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनं चवदार तळंही ठराव करून खुलं केलं. कागदावर सगळं इतकं खुलं होतं, की 19 आणि 20 मार्च 1927 च्या परिषदेसाठी जमलेल्यांना प्यायला 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. हा चाळीस रुपयांचा खर्च मला त्या परिषदेतल्या अनेक भाषणांपेक्षा जास्त बोलका वाटतो. ज्यांचा तळ्यावर हक्क होता त्यांनी त्याच गावात पाणी विकत घेतलं, आणि ते घेण्याचं कोणाला तरी आधी सुचलं होतं. मार्चच्या उन्हात तहानलेले हजारो लोक दोन दिवस शिस्तीत बसतात आणि मग रांगेनं तळ्याकडे चालत जातात, त्यामागे कोणीतरी पाण्याचा हिशेब मांडलेला असतो. रामचंद्र बाबाजी मोरे परिषदेआधी गावोगाव हिंडले. अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी महाडची बाजू सांभाळली. डॉ. आंबेडकरांनी ओंजळीनं पाणी घेतलं ते चित्र आपल्याला पाठ आहे. त्या ओंजळीपर्यंत पोचण्यासाठी किती जणांनी किती पायपीट केली, याचं चित्र कोणी काढत नाही, कारण हातात वह्या आणि पावत्या घेतलेली माणसं चित्रात शोभत नाहीत.

पुढचं तर अधिकच शिकण्यासारखं. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्यांवर हल्ले झाले. हाणामारीला उत्तर हाणामारीनं द्यायची ताकद आणि संख्या असूनही लोकांना आवरलं गेलं. तिकडे महाडच्या सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. तळ्यातून 108 घागरी पाणी काढलं, त्यात दही, दूध, गोमूत्र आणि शेण घातलं, आणि मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतलं. शेण कालवलेल्या पाण्यानं शुद्ध होणारं तळं माणसाच्या ओंजळीनं बाटतं, यावर विनोदी लेखकाला वेगळं काही सुचवायची सोयच ठेवलेली नाही. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा मंडपाला जागा देईना कोणी. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं. मुंबईची माणसं पद्मावती बोटीनं आली, दासगावला उतरली आणि तिथून महाडपर्यंत चालत गेली. परिषदेआधीच कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम हाती पडला होता. त्या हुकमाचा मान राखून डॉ. आंबेडकरांनी तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला, आणि तळं खाजगी मालकीचं आहे या दाव्याशी कोर्टात झुंज दिली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये लागला, हक्काच्या बाजूनं. दहा वर्षं एक फाइल जपून ठेवणं हेही आंदोलनच आहे. त्यात घोषणा नसतात, वाळवी असते.

म्हणून ‘परवानगी मागून कसला निषेध करता’ असं विचारणाऱ्या करारी तरुणाची मी कदर करतो, पण त्याच्याशी सहमत होत नाही. पोलीस ठाण्याला आधी पत्र देणं म्हणजे शरण जाणं, असं त्याला वाटतं. पत्रात असतं काय? तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, संयोजकाचा फोन नंबर. या पत्रामुळे हक्क ‘दिला’ जात नाही. तो संविधानानं आधीच दिलेला आहे. पत्रामुळे होतं एवढंच, की मोर्चा ‘अचानक जमलेला जमाव’ राहत नाही. हा फरक शब्दाचा वाटतो, पण भारतीय न्याय संहितेचं 189 वं आणि 190 वं कलम शेजारी शेजारी वाचलं की घाम फुटतो. पाच किंवा अधिक माणसांचा जमाव बेकायदेशीर ठरला आणि समान उद्देशासाठी एकानं गुन्हा केला, तर जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी ठरू शकतो. म्हणजे मागच्या रांगेतल्या एका उत्साही पोरानं कचेरीच्या काचेला दगड मारला, की पुढच्या रांगेतली आजी, जिनं आयुष्यात दगड फक्त चूल मांडायला उचलला, तीही तारखांना हजर. शिवाय त्या दगडानं फाइलचं शीर्षक बदलतं. सकाळी ती ‘पाणीटंचाईबाबत निवेदन’ असते, दुपारी ‘शासकीय मालमत्तेचे नुकसान’ होते, आणि दुसऱ्या फाइलची कार्यवाही पहिल्यापेक्षा कितीतरी तत्परतेनं होते. काच आठवड्यात बसते. नळ बसत नाही.

यावर खरा, वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरं दिसणार नाही. शांत मोर्चा कोणी ऐकतच नाही. एसटीची काच फुटली की मंत्री येतात, हंडे वाजले तर नायब तहसीलदार येतो. यात तथ्य आहे. पण याला शहापूर तालुक्यानं डोळ्यांनी पाहिलेलं उत्तरही आहे. मार्च 2018 मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला, कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातून सुमारे 180 किलोमीटर चालत 12 मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोचला. त्यात बहुसंख्य आदिवासी होते, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ही त्यांची मुख्य मागणी. गावागावांतून गोळा केलेलं धान्य आणि सरपण टेम्पोंतून मुक्कामावर पुढे जात होतं, चुली आधी पेटत होत्या, माणसं नंतर पोचत होती. शेवटच्या रात्री मोर्चा सायनच्या सोमय्या मैदानावर होता. सोमवारी दहावीचा पेपर. मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून हे हजारो लोक, पायांना फोड आलेले, रात्रीच उठून चालत आझाद मैदानाला गेले. मुंबईला त्या रात्रीची इतकी लाज वाटली की सकाळी लोक रस्त्यावर पाणी आणि खाणं घेऊन उभे राहिले. सरकारनं लेखी आश्वासन दिलं. कोणताही दगड इतक्या लांब गेलेला नाही. पण हेही लक्षात घ्यायला हवं, की मुंबईला जे हळुवार वाटलं त्यामागे चुलीचं वेळापत्रक होतं. ज्याच्या रात्रीच्या जेवणाची सोय झालेली आहे तोच दुसऱ्याच्या परीक्षेचा विचार करू शकतो.

आणि लेखी आश्वासनाचं पुढे काय झालं? मार्च 2023 मध्ये त्याच रस्त्यानं पुन्हा मोर्चा निघाला, दिंडोरीहून. शांततेच्या विरोधकांना हा पुरावा आपल्या बाजूचा वाटेल. मला तो व्यवस्थेच्या बाजूचा वाटतो, कारण या वेळी मोर्चेकरी वासिंदला, म्हणजे शहापूर तालुक्यातच, थांबले. मुंबईत मंत्र्यांशी बोलणी झाली, मागण्या मान्य झाल्याचं जाहीर झालं, आणि तरी ते उठले नाहीत. अंमलबजावणीचे आदेश खालच्या कचेऱ्यांपर्यंत निघाल्याची खात्री होईपर्यंत बसून राहिले आणि मगच माघारी फिरले. पाच वर्षांत शिकलेला धडा एवढाच, की शब्द आणि जावक क्रमांक यांत अंतर असतं आणि ते अंतर चालून कापता येत नाही, बसून कापावं लागतं. बसायला तर चालण्यापेक्षा जास्त तयारी लागते. संडासाची सोय, औषधं, रात्रीचं पांघरूण. बिऱ्हाड मोर्चा हा प्रकार आपल्याकडच्या आदिवासी संघटनांनी उगाच रुळवला नाही. टोप, तवा, कोंबडी आणि पोरं घेऊन माणसं कचेरीच्या आवारात संसार मांडतात, तेव्हा साहेबांना पहिल्यांदा कळतं की ही मंडळी पाचच्या एसटीनं जाणार नाहीत.

लोकांची गैरसोय होते, हाही एक नेहमीचा सूर. होते. रस्ता अडतो, बाजाराला उशीर होतो, आणि कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी आलेला माणूस गेटबाहेर उभा राहतो. पण गैरसोयीची मोजदाद करायचीच तर ती सगळ्यांचीच करावी. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं हंडा भरायला लागणारा वेळ कोणत्याही वाहतूक नियोजनात धरलेला नसतो, कारण त्या रस्त्यावर सिग्नल नाही. एक मात्र खरं, की गैरसोय जिथं टाळता येते तिथं टाळणारा मोर्चा जास्त टिकतो. 1972 च्या सुमारास महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन मुंबईत रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांनी निवडलेलं साधन बघा. लाटणं घरातून नेता येतं, आणि वाजवून झाल्यावर संध्याकाळी त्यानंच पोळ्या लाटता येतात. ते जप्त केलं तर पोलिसांच्या घरीही कोणीतरी विचारेल, हे कशाला आणलंत म्हणून.

मुरबाडमधला काळू धरणाचा प्रश्न याच हिशेबात बसतो, फक्त तिथं हंड्याची जागा ठरावाच्या वहीनं घेतली. मुंबई महानगराच्या पाण्यासाठी काळू नदीवर धरणाचं काम 2011 मध्ये सुरूही झालं होतं, वनखात्याची मंजुरी नसताना. बुडणाऱ्या गावांतल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयानं काम थांबवलं. बुलडोझरपुढे आडवं पडण्याचं धाडस मोठंच आहे. 1921 मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाच्या जागेवर बसून ते दाखवलं, आणि मुळशीचं धरण तरीही झालं. मुरबाडच्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली. ग्रामसभेची गणपूर्ती होईल एवढी माणसं ओट्यावर जमवली, ठराव लिहिला, अंगठे आणि सह्या घेतल्या, आणि वही सरपंचाच्या घरच्या माळ्यावर हरवू दिली नाही. ज्यांना ग्रामसभा भरवण्याचा अनुभव आहे, त्यांना यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे हे सांगायला नको.

म्हणून मोर्चाचा खरा शिखरबिंदू मला आवक-जावकच्या खिडकीत दिसतो. बाहेर हंड्यांचा गजर टिपेला पोचलेला असतो, शिष्टमंडळातले पाच जण आत जातात (आत सोडतात पाचच, जाऊ बघतात चौदा), आणि साहेब व्हीसीवर असल्यामुळे निवेदन कारकुनाच्या हातात पडतं. इथे बहुतेक शिष्टमंडळं फोटो काढून परततात. निवेदन देतानाचा तो फोटो, सगळ्यांनी एकाच कागदाला हात लावलेला, जणू कागद फार जड आहे. कागद देऊन हात हलवत परत येणं म्हणजे टँकरखाली हंडा न धरणं. दुसरी प्रत पुढे सरकवायची असते. कारकून तिच्याकडे बघतो, शिक्का शोधतो, शिक्क्याचं पॅड सुकलेलं असतं, त्यावर तो बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकतो (पाणी या कचेरीत असतं), आणि मग कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तो गोल निळा ठसा उमटतो, तारीख जरा पुसट. त्या ठशाला ‘पोच’ म्हणतात. दोनशे बायका सकाळपासून उन्हात ज्यासाठी बसल्या तो ऐवज हाच, आणि तो दोन बोटांत मावतो. पुढच्या वेळी ‘आमच्याकडे असा कोणताही अर्ज प्राप्त नाही’ हे वाक्य बोलायची सोय त्यानं बंद होते.

आणि मग उत्तर येतं. येत नाही असं नाही. पण टंचाईचाही सरकारी हंगाम ठरलेला आहे. तो ऑक्टोबरात सुरू होतो, तीन टप्प्यांनी चालतो आणि 30 जूनला संपतो. त्यानंतर तहान लागली तर ती खाजगी. मे महिन्यातल्या निवेदनाचा प्रवास टेबलाटेबलावरून सुरू होऊन संपेतो जुलै उजाडतो, आणि पावसानं भिजलेलं पाकीट सांगतं की टंचाई कालावधी समाप्त झाल्यानं आता कार्यवाहीची आवश्यकता उरलेली नाही. तेव्हा हिशेबानं पाहता पाण्याचा मोर्चा काढायची शास्त्रशुद्ध वेळ म्हणजे ऑक्टोबर, जेव्हा टंचाईचा आराखडा कागदावर येत असतो आणि गावात पाणी भरपूर असतं. त्यात भातकापणी टाळायची, झोडणी टाळायची, आणि दिवाळीच्या अलीकडे राहायचं, कारण पलीकडे भट्टीवाल्यांचे टेम्पो वाड्यांवर यायला लागतात. एवढं सगळं जुळवून तारीख काढली तर महिन्याच्या सुरुवातीचा एखादा सोमवार कसाबसा मोकळा सापडतो, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेब ठाण्याला गेलेले असतात, लोकशाही दिनाला.